खोपकर मास्तरांचा फसव्या

खोपकर मास्तरांचा मला जितका राग आला तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नसेल. आणि मी पहिलीच्या वर्गावर उभा जन्म काढलेली बाई आहे, राग म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको.

धरमतरच्या खाडीकाठच्या गावात माझी नेमणूक झाली तेव्हा राहायला जागा मिळाली ती मास्तरांच्या शेजारची. मधे कुडाची भिंत, मागचं परसू एकच. परसाच्या टोकाला खारजमिनीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची लाकडी झापडांची मोरी. भरती आली की झापडं मिटायची, ओहोटी लागली की उघडायची. त्या उघाडीच्या दगडांवर हातात बांबूची काठी घेऊन उभा असलेला उंच, किडकिडीत, छत्रीच्या काडीसारखा माणूस मी पहिल्याच दिवशी पाहिला. मला वाटलं, राखणदार असेल. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कोट घालून शाळेत आला आणि फळ्यावर एका दमात असा काही हत्ती काढला, की माझा अख्खा वर्ग दाराशी जमला.

मास्तर आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. नखांत रंग, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि एक भयंकर खोड. समोर काहीही आलं की डावा डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि अंगठा उभा धरून माप घ्यायचं. नारळाचं माप, बैलाचं माप, हेडमास्तर रागावत असले तर हेडमास्तरांचं माप. पहिल्या भेटीत त्यांनी माझंही घेतलं. मी म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" तर म्हणतात, "थांबा बाई, हलू नका. मान जरा लांब आहे तुमची." मी हलले नाही. पण बोलायचे मात्र आठवडाभर बंद झाले.

आता काठीचं. इंग्रज गेले त्या वर्षी मिठाच्या खात्यातला एक गोरा साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाला. मास्तरांनी त्याच्या कुत्र्याचं चित्र काढून दिलं होतं. साहेबाने खुशीने आपली मासे पकडायची काठी, तिचं पितळी चक्र, आणि लाकडाचा एक रंगीत मासा मास्तरांना देऊन टाकला. त्या माशाच्या पोटाला गळ. आमिष नाही, गांडूळ नाही, कोळंबी नाही. नुसतं लाकूड पाण्यात टाकायचं आणि ओढायचं, की जिताडा, म्हणजे खाडीतला मोठा शिकारी मासा, त्याला खरी मासळी समजून झडप घालतो, असं साहेब सांगून गेला. याच उघाडीवर त्याने असा जिताडा काढलेला मास्तरांनी डोळ्यांनी पाहिला होता. साहेब त्या लाकडी माशाला काय म्हणायचा ते मास्तरांच्या लक्षात राहिलं नाही. मास्तर त्याला फसव्या म्हणत.

साहेबाचा फसव्या पहिल्याच पावसाळ्यात दगडात अडकून गेला. मग मास्तर स्वतः करायला लागले. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, शेपटीला कोंबड्याचं पीस, ओठाला रॉकेलच्या डब्याचा पत्रा, पोटाला चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद, आणि डोळ्याच्या जागी गुंज. लाल गुंज, तिच्यावर काळा ठिपका. खरं सांगते, मी घाटावरची, मासा खात नाही, मला त्याचा वाससुद्धा सोसत नाही, पण मास्तरांचा फसव्या हातात घेतला की टाकवत नसे. एकेक खवला ब्रशच्या एका केसाने काढलेला. मास्तर म्हणत, "डोळा जमला की सगळं जमलं, बाई. तो डोळ्याला बघून येतो."

येत कसला! वर्षानुवर्षं आला नाही.

याचं कारण मला, मासा न खाणाऱ्या बाईला, परसात भांडी घासता घासता दिसत होतं. ओहोटी लागली, उघाडीतून पाणी उसळलं, की त्या पाण्याबरोबर बारीक मासळी खाली येते आणि तिच्यावर जिताडे टपून बसतात. ती वेळ थोडी. आणि मास्तर त्या वेळेला काय करत? पत्र्याची पेटी उघडून फसव्या निवडत! पाणी गढूळ आहे, मग पिवळा घ्यावा. पण पिवळ्यात पिवळा दिसेल कसा? मग निळा. निळा धरून बघायचं, डोळा मिटायचा, अंगठा धरायचा. ढग आले, आता चंदेरी मंद दिसणार. मग पांढरा. मी परसातून ओरडायची, "मास्तर, ओहोटी तुमच्यासाठी बसून राहणार आहे का?" तर हात हलवून म्हणायचे, "घाई नको. निवड चुकली की सगळं चुकलं."

आणि पाण्यात टाकला की ओढायचे कसे? हळू. अगदी हळू, सरळ, एका लयीत. पालखी चालल्यासारखा. मी एकदा विचारलं, "जरा जोरात ओढलं तर?" मास्तरांना धक्काच बसला. "मग त्याला खवले कसे दिसतील?"

यावर काय बोलायचं? तुम्हीच सांगा.

बरं, सगळ्यांत सुंदर फसवे तर त्यांनी पाण्यात कधी टाकलेच नाहीत. रंग जाईल म्हणून! ते घरात भिंतीवर खिळ्यांना लटकत. माई, म्हणजे मास्तरांची बायको, रोज त्यांच्यावरची धूळ झटकायची आणि झटकताना पुटपुटायची. माईचं पुटपुटणं मला कुडाच्या भिंतीतून ऐकू यायचं आणि त्यातला शब्दन् शब्द मला पटायचा.

मासळीवाली हिराबाय पाटी घेऊन बांधावरूनच बाजारात जायची. मास्तर दिसले की पाटी खाली ठेवून मजा करायची. "मास्तर, गावला का जितारा?"

"नाही अजून."

"गावंल कसा? तुमी त्याला चित्र दावताव. त्याला चस्मा हाय का?"

मास्तर हसायचे. मनाला लावून घ्यायचा स्वभावच नव्हता. राग यायचा तो आम्हा बघणाऱ्यांना.

हे सगळं असंच चालतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. माणसाला एक वेड असावं. पण मास्तरांनी एक पण करून ठेवला होता. म्हणाले, "माझ्या घरात जिताडा शिजेल तो फसव्याने पकडलेलाच. विकतचा नाही." एरवी याने कुणाचं बिघडत नव्हतं. माई बोंबील करायची, मांदेली करायची. पण घरात एकुलती एक मुलगी होती, कुसुम. आणि आमच्या त्या भागात जावई पहिल्यांदा जेवायला आला की पानात जिताडा हवा म्हणजे हवा. दुसरं काही चालत नाही. सोनं कमी घातलं तर एक वेळ माफ होईल.

कुसुमचं लग्न पेणला झालं. जावईबापू पहिल्यांदा आले तेव्हा मास्तर पहाटेपासून उघाडीवर. दुपारी रिकाम्या हाताने परत. माईने अंड्याची आमटी करून वेळ मारून नेली. जावईबापू सालस, त्यांनी ती दोनदा मागून घेतली. पण पेणला त्यांच्या आईने कुसुमला विचारलंच, "काय गं, तुमच्याकडची खाडी आटली की काय?"

पुढच्या खेपेला माई शहाणी झाली. मास्तर शाळेत असताना तिने हिराबायकडून चांगला लठ्ठ जिताडा घेतला, तुकड्या केल्या, निम्म्या तळल्या, निम्म्यांचं कालवण केलं. मी वाढायला होते. खात नसले तरी वाढायला माझी हरकत नसे. मास्तर आणि जावईबापू पाटावर बसले. जावयाने तुकडी मोडली, तोंडात घातली आणि डोळेच मिटून घेतले. माई पटकन म्हणाली, "ह्यांनी आज सकाळीच पकडला हो. फसव्याने."

कुसुमचा चेहरा असा काही उजळला! मी दारात उभी होते, मी पाहिला.

मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला. "मी नाही पकडला," म्हणाले. "मी पकडला असता तर मला कळलं नसतं का? हा बाजारचा आहे."

 माई पदर तोंडाला लावून आत गेली. कुसुम मान खाली घालून पाण्याचा तांब्या पुसत बसली, पुसलेलाच पुन्हा पुसत. जावईबापू बिचारे म्हणाले, "बाजारचा तर बाजारचा, चव छान आहे." पण झालं ते झालं. मी मनात म्हटलं, अरे देवा, आयुष्यभर फसवे करतो हा माणूस, आणि बायकोच्या अब्रूसाठी एवढंसं फसवता येऊ नये याला? जिभेला काही हाड?

त्या दिवसापासून विहीणबाईंना खुराकच मिळाला. घरी कुणी पाहुणे आले की कुसुमला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंचे वडील मोठे चित्रकार हो. जिताडासुद्धा चित्रातलाच वाढतात." कुसुम माहेरी आली की हे मला सांगायची. वडिलांना सांगायची नाही. मी त्यांना सांगायला जायची, तर ती माझा हात धरायची.

मग कुसुमला दिवस गेले आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. पोर पार वाळून गेली होती. अन्नावरची वासनाच उडाली होती. भात नको, भाकरी नको, पेज नको. माईने विचारलं, "अगं, मग हवंय तरी काय?" तर हळूच म्हणाली, "जिताड्याचं कालवण."

माई लगेच पिशवी घेऊन उठली. मास्तर आडवे आले. "एक भरती थांब. आज नक्की लागेल."

ती भरती गेली. "उद्याची थांब." उद्याचीही गेली. उधाण संपलं, पाणी मेलं, पुन्हा चढायला लागलं, मास्तरांची आपली एक भरती काही संपेना. मी कुडातून ऐकत होते आणि दात खात होते. शेवटी एका रविवारी सकाळी मास्तर अंगणात नवा फसव्या तासत बसले होते, तिथे कुसुम स्वतः आली. कमरेवर हात देऊन उभी राहिली. ओरडली नाही की काही नाही.

"बाबा, मी मासा मागितला होता," म्हणाली. "चित्र नाही मागितलं."

आणि आत निघून गेली.

 मास्तरांनी पेटी उचलली, अर्धवट तासलेला फसव्या खिशात टाकला आणि बांधाकडे निघाले. माईने मला खुणावलं, "बाई, जा हो मागोमाग. ऊन फार आहे." मी छत्री घेऊन गेले. छत्री धरायला गेले असं मी म्हणते, पण खरं तर चार शब्द ऐकवायलाच गेले होते.

ओहोटी लागली होती. पाणी उघाडीतून धबाधबा पडत होतं आणि खालच्या डोहात मधूनच टाळी वाजावी तसा आवाज होत होता. जिताडा मासळी गिळताना तसा आवाज होतो.  त्या दिवशी मास्तरांची निवडानिवड नव्हती. हाताला येईल तो फसव्या ते टाकत होते. पिवळा गेला, दगडात अडकला, तुटला. निळा गेला. चंदेरी फसव्या कालवांच्या धारदार शिंपल्या चिकटलेल्या दगडाला घासला, दोरीच कापली गेली. पेटी रिकामी झाली. मी पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. 

मग खिशातला तो अर्धवट फसव्या निघाला. रंग नाही, खवले नाहीत, डोळासुद्धा नाही. पत्र्याचा ओठ तेवढा वाकडा ठोकलेला. मास्तरांनी त्याला गळ लावला, तो बांधला आणि फेकला. आणि मग मी पहिल्यांदाच त्या माणसाला चिडलेला पाहिला. "घे!" म्हणाले आणि काठीला हिसका दिला. "घे, हे घे लाकूड!" पुन्हा हिसका. "चित्र नको ना तुला? कुणालाच नको ना?" प्रत्येक शब्दाला एक हिसका. तो फसव्या पाण्यात वेडावाकडा उडत होता, लंगडत होता.  मग ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी पोरीला..."

आणि काठी वाकली.

अशी वाकली, की मी छत्री टाकून दिली. चक्र किंचाळलं. दोरी डोहातून सरसरत गेली, आणि पाणी फोडून जिताडा वर आला. अख्खाच्या अख्खा वर. चांदीचा, उंच पाठीचा, उन्हात डोळा लाल चमकलेला, आणि ओठात ते उघडंबोडकं लाकूड. मी, मासा न खाणारी, जिवाच्या आकांताने ओरडले, "ओढा, मास्तर, ओढा!"

आणि मास्तरांनी काय करावं? त्यांनी डावा डोळा मिटला. काठीवरचा एक हात सोडला. हात लांब केला आणि अंगठा उभा धरून त्या उडालेल्या जिताड्याचं माप घेतलं!

दोरी सैल पडली. जिताड्याने हवेतच मान झटकली, फसव्या एकीकडे उडाला, मासा दुसरीकडे पाण्यात पडला. संपलं.

 मला रडू येत होतं. मास्तर अंगठा तसाच धरून उभे होते. "बाई," म्हणाले, "पाठीची रेघ बघितलीत?"

मी म्हटलं, "मास्तर, तुमच्यापुढे डोकं आपटून घ्यावं की काय करावं?"

त्यांनी हळूहळू हात खाली घेतला. मग एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, "त्याला रंग नकोच होते हो. हलणं हवं होतं नुसतं. हिसका, आणि मग थांबणं. एवढंच." तो रंग नसलेला फसव्या त्यांनी दोरीवरून सोडवला, खिशात ठेवला, काठी माझ्या हातात दिली आणि तडक बाजाराची वाट धरली. मी काठी, छत्री आणि रिकामी पेटी सांभाळत मागे धावले.

हिराबाय पाटीशी बसली होती. तिने तोंड उघडलं, मास्तरांचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरवला. "लागला व्हता?"

"लागला होता. सुटला," मास्तर म्हणाले. "एक चांगला दे. कुसुमला हवाय."

तिने पाटीतला सगळ्यात मोठा काढला, ओल्या फडक्याने पुसला. मास्तरांनी तो पिशवीत घातला नाही. कल्ल्यात सुतळी ओवून हातात धरला आणि भर बाजारातून निघाले. मासा गुडघ्यापर्यंत लोंबत होता. पेठेतला प्रत्येक माणूस उठून उभा राहिला. इतक्या वर्षांनी! वाणी दुकानाबाहेर आला, न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. "मास्तर, गावला? फसव्याला?"

"नाही," मास्तर प्रत्येकाला थांबून सांगत होते. "विकत घेतला. पोरीसाठी."

प्रत्येकाला. एकालाही सोडलं नाही. मी मागून चालत होते आणि माझा इतक्या वर्षांचा राग कुठे गेला ते मला कळेना.

घरी येऊन त्यांनी मासा माईपुढे ठेवला आणि अंगणात जाऊन बसले. कालवण झालं. कुसुम जेवायला बसली. पहिला घास घेतला, मग दुसरा, मग ताट पुढे करून आणखी भात मागितला. माई वाढत होती आणि डोळे पुसत होती. पोटभर जेवल्यावर कुसुमने दाराकडे बघून विचारलं, "बाबा, कुणी पकडला?"

"हिराबायच्या नवऱ्याने," मास्तर बाहेरून म्हणाले.

कुसुम हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप, बाळ गुटगुटीत. बारशाला विहीणबाई पेणहून आल्या, तेव्हा मास्तरांनी पुन्हा हिराबायकडून जिताडा आणला आणि वाढताना आपणहून सांगितलं, "बाजारचा आहे हं, विहीणबाई."  त्यांनी मुकाट्याने दोन तुकड्या जास्त खाल्ल्या.

उघाडीवर मास्तर नंतर गेले की नाही, मी विचारलं नाही. काठी पडवीत वाशाला अडकवलेली दिसायची, एवढं खरं.

बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा माझी माणगावला बदली झाली. सामान बैलगाडीत चढलं. माईने ओटी भरली, कुसुमने वाकून नमस्कार केला. मास्तर कुठे दिसेनात. मला वाईट वाटलं, म्हटलं, इतक्या वर्षांचा शेजार आणि हा माणूस निरोपालाही बाहेर येऊ नये? गाडी परसाकडून वळली तेव्हा त्यांच्या मागच्या खिडकीतून आत दिसलं.

पाळण्याखाली मास्तर मांडी घालून बसले होते. भिंतीवरचे ते सगळे सुंदर फसवे, पाणी कधी न पाहिलेले, गळ काढून पाळण्यावर ओळीने टांगले होते. गुंजांचे लाल डोळे उन्हात चमकत होते. त्यांना एक दोरी बांधलेली, आणि ती दोरी मास्तरांच्या हातात. एक हिसका. मग थांबणं. पुन्हा एक हिसका, पुन्हा थांबणं. पाळण्यातलं बाळ श्वास रोखून वर बघत होतं.

मास्तर थांबले. आणि दोन इवलेसे हात झपकन वर आले आणि निळा फसव्या मुठीत गच्च धरला गेला.

"बाई!" मास्तर खिडकीतून ओरडले. "बाई, लागला!"

या खेपेला दोरी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.